डोळ्यात फक्त पाणी

“वारा फिरला,” प्रमिलाताई मागून म्हणाल्या. “मघापर्यंत डाव्या गालावर होता. आता सरळ तोंडावर येतोय.”

वारा फिरलाय हे माझ्या मांड्यांना त्यांच्या आधी कळलं होतं. गेल्या तासाभरात आम्ही जेमतेम सात किलोमीटर आलो होतो. रस्ता मात्र पट्टीने आखावा तसा सरळ, दोन्ही बाजूंना वाळू, मध्येच एखादं खेजडीचं झाड, आणि डोक्यावर सव्वाबाराचं ऊन.

“चहावाला म्हणत होता ते खरं दिसतंय,” ताई पुन्हा म्हणाल्या. “थांबायला हवं होतं आपण.”

“पुढच्या गावाला चौदा किलोमीटर तर राहिलेत. पोचू.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पेडल मारत राहिल्या.

हे सोळा वर्षांपूर्वीचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. साताऱ्यात एका शाळेत खेळाची शिक्षिका होते आणि त्याआधी राज्य पातळीवर चार वर्षं सायकल शर्यती खेळले होते. बिकानेरहून जैसलमेरला वाळवंटातून सायकलने जायचं हे माझ्या डोक्यात खूप दिवसांपासून होतं, पण घरचे एकटीला सोडेनात आणि सोबत कुणी मिळेना. प्रमिलाताई भोकरे एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. वय त्रेचाळीस. त्यांच्याकडे दोन जणांची सायकल होती. एकापुढे एक अशा दोन सीट, पुढच्याने हँडल आणि ब्रेक सांभाळायचे, मागच्याने नुसते पाय मारायचे. ताईंना दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांना पुढे बसणारं माणूस हवं होतं. सायकल क्लबातल्या कुणीतरी आमची गाठ घालून दिली. मला सोबत मिळाली, त्यांना डोळे मिळाले. निदान माझा हिशेब एवढाच होता.

त्या दिवशी आमचा चौथा दिवस होता. खरं सांगायचं तर चार दिवसांत मी कंटाळले होते. ताईंची रजा लांबत लांबत गेल्यामुळे आम्ही मार्चच्या अखेरीला निघालो होतो आणि ऊन सोसवत नव्हतं. त्यात त्या फार बोलत. लोकांच्या आवाजावरून त्यांचे स्वभाव सांगत, साहेबांच्या नकला करत, चहा कुठल्या गावचा चांगला होता याची क्रमवारी लावत. मी हूं हूं करी. चार दिवसांत मी त्यांना त्यांच्याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांना कंटाळून आदल्या दिवशी मीच हा आतला, लहान रस्ता निवडला होता. आणि सकाळी शेवटच्या टपरीवरचा चहावाला आभाळाकडे बघत “आज बैठ जाओ, आंधी आएगी” म्हणाला, तेव्हा ताई थांबू या म्हणत असताना मीच सायकल काढली होती.

पंधरा-वीस मिनिटांनी समोरचं क्षितिज मातकट झालं. आधी मला वाटलं, लांबचा डोंगर आहे. मग तो डोंगर वाढायला लागला.

“ताई, उतरा. पटकन.”

आम्ही सायकल रस्त्याच्या कडेला आडवी केली, तिच्या पिशव्यांचा आडोसा करून पालथ्या पडलो आणि ओढण्या तोंडाला गुंडाळल्या. ताईंनी माझा हात धरला. ओढणी डोळ्यांवर ओढून घेण्यासाठी मी गॉगल काढला आणि तेवढ्यात वाऱ्याने तो हातातून हिसकावून नेला. त्याला पकडायला म्हणून मी डोकं वर केलं. तेवढंच झालं. मूठभर वाळू कुणीतरी तोंडावर फेकून मारावी तसा झोत आला, आणि तो मी उघड्या डोळ्यांनी घेतला.

वादळ किती वेळ चाललं ते मला सांगता यायचं नाही. ताई नंतर म्हणाल्या, पंचवीस मिनिटं. वारा उतरला तेव्हा कानात, दातांत, केसांत सगळीकडे वाळू होती. पण मला फक्त डोळे कळत होते. मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरायचे आणि वाळू त्या लेन्सच्या खाली शिरली होती. मी त्या बोटांनी कशाबशा ओढून काढल्या. काढल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, झालं उलटंच. पापणी हलली की आत काच फिरल्यासारखं होई. किलकिले केले तर ऊन सुईसारखं आत शिरे. चष्मा पिशवीत होता, पण डोळेच उघडत नव्हते तर त्याचा उपयोग काय?

“शलाका, काय झालं? तू बोलत का नाहीस?”

“ताई, मला दिसत नाहीये.”

त्यांनी माझा चेहरा चाचपून पाहिला. गाल, कपाळ, मग अगदी हलक्या बोटांनी पापण्या.

“चोळलेस का डोळे?”

“लेन्स काढल्या.”

“आता हात लावू नकोस. अजिबात नाही. पाणी किती आहे?”

“एक बाटली. दीड लिटरची. भरलेली.”

“डोळे धुऊ.”

“ताई, पुढे बारा किलोमीटर काही नाही. तेवढंच प्यायला आहे.”

“खाली वाक.”

“अहो, ऐका ना! ऊन बघताय ना?”

“बघत नाहीये, पण लागतंय,” त्या म्हणाल्या. “तहान दोघी मिळून काढू. डोळे तुझे एकटीचे आहेत. वाक.”

मी वाकले. त्यांनी बाटलीच्या झाकणाने पाणी घेतलं आणि थेंब थेंब करत माझ्या डोळ्यांत सोडलं. घाई नाही, एक थेंब वाया नाही. अर्धी बाटली संपली. थोडी वाळू गेली असावी, पण टोचणं गेलं नाही. ताईंनी माझ्याच ओढणीची पट्टी दोन्ही डोळ्यांवर सैलसर बांधली.

मोबाइलला रेंज नव्हती. सकाळपासून त्या रस्त्यावर आम्हाला तीन गाड्या भेटल्या होत्या. आंधीनंतर तर कुणी येण्याची आशाच नव्हती.

“इथेच बसू,” मी म्हणाले. “कुणीतरी येईलच.”

“सावली आहे?”

“नाही.”

“मग चालायचं. सायकल तू ढकल, वजन तुला पेलतं. मी पुढे होते.”

त्यांनी पिशवीतून आपली घडीची पांढरी काठी काढली. चार दिवसांत ती मी गावांत उतरल्यावरच पाहिली होती. त्या एका हाताने हँडलचा दांडा धरून पुढे चालू लागल्या आणि मी मागून सायकल ढकलू लागले. रस्त्यावर जागोजागी वाळूचे थर बसले होते. काठी टक्क वाजली की खाली डांबर, मऊ वाजली की आम्ही कडेला गेलोय. एवढंच तंत्र. पण मला ते जमेना. डोळे बांधलेले असताना पाऊल टाकायलाच भीती वाटत होती. पुढे खड्डा आहे, भिंत आहे, कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटायचं. मी दर दहा पावलांनी थबकत होते.

“पाय उचलून टाकू नकोस, सरकव,” ताई म्हणाल्या. “आणि श्वास घे. श्वास रोखून चालतेस तू.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“ऐकू येतंय की.”

आम्ही किती चाललो कोण जाणे. मध्ये तीन-चारदा थांबून पाणी प्यायलो. एका ठिकाणी ताई एकदम थांबल्या.

“तारा वळल्या,” त्या म्हणाल्या.

“कसल्या तारा?”

“विजेच्या. मघापासून डोक्यावर गुणगुणत होत्या. आता उजवीकडे गेल्या. शिवाय तिकडे इंजिन चालू आहे. पाण्याचं असेल.”

मी कान देऊन ऐकलं. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

“रस्ता सोडायचा नाही,” मी म्हणाले. “वाळूत शिरलो आणि तिकडे काही नसलं तर आपल्याला परत रस्ताही सापडणार नाही.”

“खरं आहे तुझं.”

“मग?”

“मग तू सांग. रस्त्यावर राहायचं तर दहा-अकरा किलोमीटर. पाणी चार घोट. तिकडे इंजिन असेल तर एक किलोमीटरही नाही. मला ते ऐकू येतंय. तुला येत नाहीये. विश्वास ठेवायचा की नाही ते तुझं.”

चार दिवस त्या बाई मी धरलेल्या हँडलच्या मागे बसून येत होत्या. उतारावर मी ब्रेक सोडून द्यायचे, समोरून ट्रक आला की सायकल कडेला घालायचे, आणि त्या तशाच बसून असायच्या. त्यांनी एकदाही मला हळू म्हटलं नव्हतं. हे मला त्या क्षणी सुचलं असं मी म्हणणार नाही. त्या क्षणी मला फक्त तहान लागली होती. मी म्हणाले, “चला.”

सायकल आम्ही खांबाला टेकवून ठेवली. ताईंच्या खांद्यावर हात ठेवून मी वाळूत उतरले. पंधरा मिनिटांनी मलाही ते ऐकू आलं. टुक टुक टुक टुक. मग बकऱ्या ओरडल्या आणि एक कुत्रं भुंकत आमच्यावर आलं. त्याच्या मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला. तिने कुत्र्याला दटावलं, आम्हाला बघितलं आणि म्हणाली, “हे राम!”

तिचं नाव धापूबाई. घर एकच होतं, हे मला नंतर कळलं. एक झोपडं, एक पक्की खोली, पाण्याचं टाकं आणि मागे थोडी शेती. तिला त्या दिवशी मी पाहूच शकले नाही, पण तिचे हात मला अजून आठवतात. खरखरीत, गरम. तिने आम्हाला धरून आत नेलं, खाटेवर बसवलं, आधी पाणी दिलं, मग ताक दिलं, आणि ताक पिऊन होईतो एकही प्रश्न विचारला नाही. मग तिने माझी पट्टी सोडली, डोळे पाहिले आणि चुकचुकली. तिची बोली मला निम्मी कळत होती. ताईंना मात्र कळत होती. ऑपरेटर म्हणून वीस वर्षं त्यांनी सगळ्या मुलुखांचे फोन जोडले होते.

“ती म्हणते, तिच्याकडे औषध आहे,” ताईंनी सांगितलं. “तुपात काजळ आणि कसलासा पाला घोटून केलेलं. घातलं की लगेच थंड वाटतं म्हणते.”

“घालू द्या तिला. लवकर.”

“नाही.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. धापूबाई माझ्यापाशी आली होती. वाटीतल्या तुपाचा वास येत होता. माझे दोन्ही डोळे आतून पेटले होते आणि समोर थंड काहीतरी होतं.

“नाही,” ताई पुन्हा म्हणाल्या, या वेळी हिंदीत, धापूबाईला. “डोळ्यात काही घालायचं नाही. पाणी द्या. उकळून गार केलेलं पाणी. फक्त पाणी.”

“ताई, माझे डोळे आहेत ते!”

“म्हणूनच म्हणतेय.”

“तुम्हाला काय कळतंय डोळ्यांतलं!”

मी हे ओरडून म्हणाले. म्हटल्यावर तुपाची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. धापूबाईला मराठी येत नव्हतं, पण असल्या वाक्याला भाषा लागत नाही.

तेवढ्यात काहीतरी हललं. कोपऱ्यात कुणीतरी बारीक आवाजात कण्हत होतं.

“तिथे कोण आहे?” ताईंनी विचारलं.

“सुगनी. नात माझी,” धापूबाई म्हणाली. “पाच वर्षांची. तिचेही डोळे आलेत. उजेडात येत नाही. तीन दिवस झाले, हेच औषध घालतेय. उतरेल.”

ताई उठल्या. काठी न वाजवता, चाचपत त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. मला नुसते आवाज ऐकू येत होते. बांगड्या वाजल्या. मुलगी रडली. ताई तिच्याशी काहीतरी हळू बोलल्या आणि मग मोठ्याने म्हणाल्या, “धापूबाई, हिचे डोळे चिकटलेत. हिला डॉक्टरकडे न्यायला हवं. आज. आत्ता.”

“आज कसं नेणार? हिची आई बाळंतपणाला माहेरी गेलीय. खेताराम पाण्यावर आहे. आणि आसपासच्या सगळ्या पोरांना मीच घालते हे औषध. बरी होतात.”

“सगळी?”

“मी आजी आहे तिची,” धापूबाईचा आवाज चढला. “वैरीण नाही.”

“माझी आत्याही वैरीण नव्हती,” ताई म्हणाल्या.

त्या परत येऊन खाटेवर माझ्या शेजारी बसल्या. पुढचं त्या हिंदीत बोलल्या, सावकाश, दोघींनाही कळावं म्हणून.

“मी सहा वर्षांची होते. गोवर आला, त्यात डोळे आले. पाटण तालुक्यात आमचं गाव, डॉक्टर दोन डोंगरांपलीकडे. आत्याचा माझ्यावर फार जीव. आई शेतावर जायची, ती माझ्याजवळ बसून राहायची. कुणीतरी तिला कसलातरी रस सांगितला. तिने तो स्वतः रानात जाऊन आणला. गाळून घेतला. आधी स्वतःच्या बोटावर घेऊन बघितला. आणि मग माझं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही डोळ्यांत घातला. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. मलाही गार वाटायचं. मी मागून घ्यायची.”

कोपऱ्यात सुगनी अजून कण्हत होती.

“पाचव्या दिवशी मी तिला म्हटलं, आत्या, दिवा लाव की. ती म्हणाली, बाळ, दुपार आहे.”

ताईंनी गॉगल काढल्याचा आवाज आला. त्या चोवीस तास काळा गॉगल लावायच्या. तो काढलेला मी चार दिवसांत बघितला नव्हता, आणि त्या वेळीही मला दिसणार नव्हता.

“इकडे या,” त्या धापूबाईला म्हणाल्या. “हात द्या तुमचा. लावून बघा.”

बांगड्या वाजल्या. मग धापूबाईने सोडलेला श्वास ऐकू आला.

“तिच्यावर रागावलात तुम्ही?” तिने विचारलं. “आत्यावर?”

“नाही. पण ती कधी हसली नाही परत. मी चांगली शिकले, नोकरीला लागले, पहिला पगार तिच्या हातात दिला, तरी नाही. मला माझ्या डोळ्यांपेक्षा तिचं जास्त वाईट वाटतं. तुमचं तसं होऊ नये.”

धापूबाई उठली आणि दारात जाऊन उभी राहिली असावी, कारण तिची हाक लांब गेली. “खेता! इंजिन बंद कर. ट्रॅक्टर काढ.”

खेताराम म्हणजे तिचा मुलगा, सुगनीचा बाप. तो आला, बाहेरच दोघांची बोलाचाली झाली. पाण्याची पाळी आज आहे, उद्या नाही मिळायची, उद्या सकाळी नेऊ, असं काहीसं तो म्हणत होता. धापूबाईने त्याला एकच वाक्य ऐकवलं. ते मला कळलं नाही. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, “ती म्हणाली, पाणी परत येईल.”

ट्रॉलीत गवत पसरून आम्ही चौघी बसलो. तालुक्याचं गाव अठरा किलोमीटर होतं. धापूबाईच्या मांडीवर सुगनी, तिच्या डोक्यावरून पदर. माझं डोकं ताईंच्या खांद्यावर. प्रत्येक हिसक्याला डोळ्यांत कळ येई. अर्ध्या वाटेवर मी म्हणाले, “ताई, मघाशी मी जे बोलले…”

“दुखत होतं तुला.”

“तरी पण.”

“तरी पण वाईट बोललीस,” त्या म्हणाल्या. “आता मान नीट ठेव, माझा खांदा अवघडलाय.”

आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर होते. बारहठ नाव. त्यांनी आधी मला बसवलं तर ताई म्हणाल्या, मुलीला आधी बघा. त्यांनी सुगनीला टॉर्च लावून बघितलं. धापूबाई पुटपुटत होती, देवाचं नाव असेल. मग डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा आठवड्यात ठीक होईल. डाव्यात बुबुळावर जखम सुरू झालीय. अजून दोन-तीन दिवस गेले असते तर काही करता आलं नसतं. आता करता येईल. दर तासाला थेंब घालायचे, दिवसा आणि रात्रीही, दोन दिवस इथेच ठेवा.

“काय घालत होतात डोळ्यात?” त्यांनी विचारलं.

ताई चटकन म्हणाल्या, “ते आता बंद केलंय. पुढचं सांगा.”

माझ्या वरच्या पापणीखाली एक खडा अडकला होता. मोहरीच्या निम्म्यापेक्षा लहान. तो निघाला आणि मला रडूच आलं. दोन्ही बुबुळांवर ओरखडे होते. दोन दिवस पट्टी, मग पंधरा दिवस चष्मा. माझ्या डोळ्यांत पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं हे ऐकून डॉक्टर म्हणाले, “बरं केलंत. असे ओरखडे पिकले की अवघड होतं.” ताईंनी माझ्या पाठीवर थोपटलं.

ते दोन दिवस आम्ही त्या केंद्राच्या व्हरांड्यात काढले. खेतारामने दुसऱ्या दिवशी आमची सायकल आणून दिली. खरं तर आम्ही मोठ्या रस्त्याला लागून एखादं वाहन धरून जाऊ शकलो असतो, पण ताई हलेनात. सुगनी औषधाचे थेंब घालताना हातपाय झाडायची, धापूबाईचा धीर सुटायचा. ताई त्यांच्या हातातल्या घड्याळाचं काचेचं झाकण उघडून काट्यांना बोट लावायच्या आणि तास झाला की म्हणायच्या, “चला, सुगनीबाई, फोन आलाय.” मग साहेबाचा आवाज काढून तिच्याशी बोलायच्या, “हॅलो, डावा डोळा बोलतोय का? साहेब लाइनवर आहेत.” मुलगी हसायच्या नादात डोळा उघडायची आणि धापूबाई थेंब सोडायची. तासाला एकदा. मी शेजारी पट्टी बांधून पडलेली असायचे आणि ऐकायचे.

आणि त्या दोन दिवसांत मी त्यांना विचारलं. गावाबद्दल, आत्याबद्दल, अंधशाळेबद्दल, पहिल्यांदा सायकलवर कुणी बसवलं त्याबद्दल. त्या सांगत गेल्या. मी हूं हूं केलं नाही.

तिसऱ्या दिवशी माझी पट्टी सुटली. चष्मा लावून मी पहिल्यांदा धापूबाईला पाहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच लहानखुरी निघाली. सुगनीला पाहिलं. तिचा उजवा डोळा टपोरा काळा उघडा होता, डावा अजून सुजलेला. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

जैसलमेर तिथून एकशे दहा किलोमीटर उरलं होतं. ताईंची रजा संपली होती. आम्ही सायकल गाडीत टाकली आणि साताऱ्याला परत आलो. घरी, शाळेत सगळे विचारत, झाली का सफर पुरी? मी नाही म्हणून सांगायचे.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही परत निघालो. या वेळी तालुक्याच्या त्या गावापासून. रजा ताईंनी आठ महिने आधी मंजूर करून घेतली होती. डॉ. बारहठांची बदली झाली होती, पण केंद्रातल्या नर्सने आम्हाला ओळखलं आणि चहा पाजला. तो चहा ताईंनी क्रमवारीत दुसरा लावला. खेतारामला पत्र टाकून आम्ही येणार ती तारीख कळवली होती. सकाळी थंडी होती, वारा पाठीवर होता, सायकल आपोआप पळत होती.

रस्ता सोडून तारा जिथे उजवीकडे वळतात तो खांब मी आता पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिला, तरी लांबून ओळखला. त्याच्या पलीकडे वाळूच्या उंचवट्यावर ते पाण्याचं टाकं, आणि टाक्यावर काहीतरी लाल. चष्म्यातूनही मला ते आधी कापड वाळत घातल्यासारखं वाटलं. मग ते कापड टाक्यावरून उडी मारून खाली आलं आणि आमच्या दिशेने पळायला लागलं.

“ताई, सुगनी येतेय. पळत.”

“किती लांब आहे?”

“असेल अर्धा किलोमीटर.”

“आणि तिथून तिला आपण दिसलो?”

“दिसलो.”

“नक्की? कुणी सांगितलं असेल.”

“तिथे दुसरं कुणी नाहीये, ताई. टाक्यावर ती एकटीच उभी होती.”

मी सायकल थांबवली. मागून त्या खाली उतरल्या, काठी न काढता रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि तोंड त्या दिशेला केलं. वाळूतून धावणाऱ्या पायांचा आवाज मला ऐकू यायला वेळ लागला. त्यांना तो आधीच येत असणार, कारण त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते.

सुगनी येऊन त्यांच्या कमरेला आदळली. धापा टाकत होती. डाव्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता, बाकी दोन्ही डोळे लख्ख. तिने मान वर केली आणि रागाने ताईंना म्हणाली,

“इतनी देर लगा दी! मैं तो कब से देख रही थी.”